सुटकेच्या कामी यंत्रमानव

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे पडली की भिलाई येते. या ठिकाणी पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा हा सारा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, भिलाई मध्य प्रदेशात राहिली आणि २००० साली छत्तीसगडात गेली. पण विदर्भातून कामधंद्यासाठी तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. आपल्या आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतले कितीतरी रूळ भिलाईचे असतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच भट्ट्यांतून रूळ आणि पोलाद यांच्याबरोबर आणखी एक पदार्थ अहोरात्र निघत असतो, आणि तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक व चुनखडी यांचे थर रचून खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. कोकमधला कार्बन खनिजातला प्राणवायू हिरावून घेतो आणि लोखंड मोकळे होते. या देवघेवीत जो वायू भट्टीच्या माथ्यावरून बाहेर पडतो, त्यात सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. एक टन लोखंडामागे असा वायू दीड हजार घनमीटर किंवा त्याहूनही अधिक निघतो. तो जळतो, म्हणून त्याला फुकट न दवडता मोठमोठ्या नळांतून कारखान्यात इंधन म्हणून फिरवितात. पोलादाच्या कारखान्यावरून नजर फिरविली तर माणूस उभा राहील एवढ्या व्यासाचे जे नळ इमारतींच्या डोक्यावरून गेलेले दिसतात, त्यांतले बरेचसे अशा वायूचे असतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो नाकाला झोंबत नाही की डोळ्यांत पाणी आणीत नाही. आपल्या रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूचे आकर्षण दोनशे पटींहून अधिक आहे. म्हणून श्वासाबरोबर तो थोडा जरी आत गेला तरी रक्तातील प्राणवायूची जागा बळकावून बसतो. कामाच्या ठिकाणी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ५० भाग असले तर ती मर्यादा समजतात. शेकडा एक भागाहून थोडे अधिक प्रमाण झाले तर दोन-तीन श्वासांत माणसाची शुद्ध हरपू शकते. पाय लटपटले हे कळेपर्यंत पाय उचलण्याची शक्ती उरलेली नसते.

१२ जून २०१४ च्या संध्याकाळी भिलाईत हा वायू नेमका तेथे पोहोचला, जेथे तो असण्याचे काही कारण नव्हते. ते ठिकाण म्हणजे पाणी पुरविणारे पंपघर. भट्टीतून निघालेला वायू धुळीने भरलेला असतो. त्याला पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन घ्यावे लागते, आणि त्यासाठी पंपघरातून नळाने पाणी जात असते. पाण्याचा दाब वायूच्या दाबाहून अधिक असतो तोवर दोघेही आपापल्या वाटेने चालतात. त्या दिवशी पाण्याच्या व्यवस्थेत बिघाड झाला, दाब उतरला, आणि वायूने पाण्याचीच वाट उलटी धरली. या अपघातात सहा माणसे दगावली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तिसांहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले, आणि वायूची बाधा झालेल्यांत मदतीला धावून आलेलेही होते.

मरण पावलेल्यांचे हुद्दे पाहिले म्हणजे अशा अपघाताचे स्वरूप ध्यानात येते. उपमहाव्यवस्थापकाचे काम पंपघरात उभे राहून झडपा फिरविण्याचे नसते. परंतु काहीतरी बिघडल्याचे कळल्यावर जबाबदार माणूस कचेरीत बसून राहत नाही. तो जागेवर जातो. तेथे कोणी खाली पडलेला दिसला तर त्याला उचलावयास वाकतो. बंद जागेतील वायूच्या अपघातांचा हा सर्वत्र आढळणारा क्रम आहे. पहिला माणूस अजाणता जातो, दुसरा त्याला वाचवावयास जातो, तिसरा दोघांना. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली असे सांगितले होते की, बंद जागेतील अपघातांत जे मरतात त्यांतील शेकडा साठांहून अधिक वाचवावयास गेलेले असतात. पुढील पाहणीत हे प्रमाण कमी भरले, तथापि ते तिसऱ्या हिश्शाहून खाली गेले नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०१५ मध्ये केरळातील कोझिकोडे येथे भुयारी गटारात उतरलेले दोन कामगार गुदमरले, तेव्हा रस्त्याने जाणारा एक रिक्षाचालक त्यांना काढावयास आत उतरला. आणि तिघेही गेले. त्या चालकाला दोष देणे कोणाच्याही जिभेवर येणार नाही. पण त्याच्या जागी आधी दुसरे काही आत उतरू शकले असते तर, हा प्रश्न मात्र उरतोच. आपत्तीतील शोध आणि सुटका यांसाठी यंत्रमानव वापरण्याची जी धडपड आज जगभर चालली आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

हा प्रश्न यंत्रयुगात प्रथमच पडला असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर मेलेल्या माणसांची तपासणी केली. पुष्कळांचा बळी आगीने किंवा धक्क्याने नव्हे, तर स्फोटामागून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतलेला आहे, असे त्याला दिसून आले. त्याने सुचविलेला उपाय होता लहान जिवाचा. पाखराच्या देहातील व्यवहार माणसाहून फार जलद चालतात, म्हणून विषारी हवेत ते माणसाच्या आधी झोकांड्या खाते. ब्रिटिश खाणींतील सुटकेची पथके पिंजऱ्यात कॅनरी नावाचे पाखरू घेऊन उतरू लागली, आणि ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. काही पिंजऱ्यांना तर प्राणवायूचे छोटे नळकांडे जोडलेले असे; पाखरू कोसळले की पिंजऱ्याचे दार बंद करून त्याला शुद्धीवर आणीत. ज्याच्या जिवावर आपला जीव राखावयाचा त्याची एवढी तरी काळजी खाणकामगारांनी घेतली, हे नोंदण्यासारखे आहे.

आजचा सुटकेचा यंत्रमानव हा त्या पाखराचा वारस आहे, असे म्हटले तर त्याच्याविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर होतील. यंत्रमानव या शब्दाने डोळ्यांपुढे दोन हातांची, दोन पायांची, पोलादी मस्तकाची आकृती उभी राहते. ‘रोबो’ हा मूळ शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. तो त्याला सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. आपल्या भाषेने त्याला मानव म्हटले, हा तिचा उदारपणा. प्रत्यक्षात ढिगाऱ्यात शिरणारे यंत्र बहुधा बुटाच्या खोक्याएवढे किंवा फार तर टपालाच्या मोठ्या पार्सलाएवढे असते. रणगाड्याला असतात तसे पट्टे त्याला असतात, कारण चाके विटांत अडकतात. पुढे प्रकाश आणि कॅमेरा असतो. धुरात नेहमीच्या कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून उष्णतेने चित्र टिपणारा दुसरा कॅमेरा असतो. वायूचे प्रमाण मोजणारे संवेदक असतात. कधी ध्वनिग्राहक आणि ध्वनिवर्धक असतात, म्हणजे आत अडकलेल्याचे कण्हणे बाहेर ऐकू यावे आणि बाहेरचा धीराचा शब्द आत पोहोचावा. आणि मागे, सुरक्षित अंतरावर, पडद्याकडे डोळे लावून बसलेली माणसे असतात. एका यंत्रामागे सहसा एक माणूस पुरत नाही. एकाने ते चालवावयाचे आणि दुसऱ्याने त्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे, असे केले तर चुका कमी होतात, हे अनुभवाने ठरले आहे.

हा अनुभव प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्क येथे. जागतिक व्यापार केंद्राचे दोन्ही मनोरे कोसळले, आणि त्या ढिगाऱ्यात जॉन ब्लिच व रॉबिन मर्फी यांच्या पथकांनी लहान यंत्रे सोडली. शहरातील पडलेल्या इमारतींत शोधासाठी यंत्रमानव वापरल्याचा हा पहिला प्रसंग समजला जातो. माणूस किंवा कुत्रा शिरू शकणार नाही अशा फटींत आणि आग धुमसत असलेल्या पोकळ्यांत ही यंत्रे गेली. त्यांना एकही जिवंत माणूस सापडला नाही. काही मृतांचा ठाव मात्र लागला. एवढ्यावरून प्रयोग फसला असे कोणी म्हणेल, पण ते बरोबर नव्हे. एखाद्या पोकळीत कोणी नाही हे निश्चित कळणे याचे मोल, ती पोकळी उकरण्यात दहा माणसांचा जीव धोक्यात जाणार होता हे ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही.

यंत्राऐवजी माणूसच यंत्र झाला तर काय होते, याचे उदाहरण सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथे घडले. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुभट्टी फुटली आणि किरणोत्सारी तुकडे शेजारच्या छपरावर पसरले. ते ढकलून खाली पाडण्यासाठी पश्चिम जर्मनीहून आणलेले एक यंत्र छपरावर चढविले. तीव्र प्रारणांनी त्याची विद्युत्-मंडले निकामी झाली. चंद्रावर पाठविलेल्या सोव्हिएत गाड्यांच्या धर्तीवर बनविलेल्या यंत्रांनी काही काम केले, पण ते पुरे पडले नाही. अखेर तीन हजारांहून अधिक माणसे, बहुतेक राखीव फौजेतली, पाळीपाळीने छपरावर धावली. एक-दोन मिनिटांत दोन-चार फावडी उपसावयाची आणि परत फिरावयाचे. त्या माणसांना तेथे जे नाव पडले ते होते जैव यंत्रमानव. चापेकच्या शब्दातील वेठ इतक्या शब्दशः कोठे उतरली नसेल.

पंचवीस वर्षांनी, मार्च २०११ मध्ये, जपानातील फुकुशिमा येथे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. यंत्रमानवांचा देश म्हणून ज्याची ख्याती, त्या जपानात अणुभट्टीच्या इमारतीत प्रथम शिरलेली यंत्रे अमेरिकन होती. बॉम्ब हुडकण्यासाठी बनविलेली ती यंत्रे एप्रिलमध्ये दारे उघडीत आत गेली आणि त्यांनी प्रारणांचे माप बाहेर पाठविले. मागाहून जपानी बनावटीचे ‘क्विन्स’ हे यंत्र वरच्या मजल्यांपर्यंत जिने चढून गेले. ऑक्टोबरात त्याच्या मागून सुटत जाणारी संदेशाची तार निकामी झाली आणि ते तेथेच अडकून पडले. एक यंत्र गमावले. पण ते परत आणावयास कोणाला जावे लागले नाही. यंत्र आणि माणूस यांच्यातील सगळा फरक या वाक्यात आहे.

तारेची गोष्ट निघाली, तर तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पोलादाच्या कारखान्यात यंत्रमानव चालवावयाचा झाल्यास पहिली अडचण तीच येणार. बिनतारी संदेश मोकळ्या मैदानात दूरवर जातात. कारखान्यात सभोवार पोलादाचे खांब, तुळया, नळ आणि टाक्या. रेडिओलहरी त्यांच्यावर आपटून फुटतात आणि दोन भिंतींआड गेलेले यंत्र बहिरे होते. म्हणून तार जोडावी, तर ती कोपऱ्यावर अडकते, पायऱ्यांत गुंतते, यंत्राच्याच पट्ट्याखाली सापडते. दुसरी अडचण याहून गंभीर आहे. झोतभट्टीचा वायू मुख्यतः विषारी. पण कोक बनविण्याच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन व सुमारे चौथा हिस्सा मिथेन असतो, आणि हवेत योग्य प्रमाणात मिसळला की एका ठिणगीने तो स्फोट पावतो. विजेच्या मोटारीत ठिणगी पडतेच. तेव्हा अशा ठिकाणी पाठवावयाच्या यंत्राची प्रत्येक मोटार, प्रत्येक कळ आणि बॅटरी ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या पेटीत बंद केलेली असली पाहिजे. त्याने यंत्र जड होते; जड झाले की जिना चढत नाही. यंत्रविद्येत अशा ओढाताणी पावलोपावली असतात, आणि दुकानात ठेवलेले कोणतेही यंत्र उचलून भिलाईच्या कोक विभागात सोडता येणार नाही, याचे कारण हे आहे.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसाखाणीत या अडचणी एकत्र आल्या. १९ नोव्हेंबर २०१० रोजी तेथे मिथेनचा स्फोट झाला. दोघे बाहेर आले, एकोणतीस जण आत राहिले. बाहेर त्यांच्या घरची माणसे जमली. सुटकेची पथके सज्ज होती, आत जावयास उत्सुकही होती. परंतु हवेतील वायूचे प्रमाण कळत नव्हते, म्हणून त्यांना थोपवून धरले होते. चौथ्या दिवशी लष्कराचे एक यंत्र बोगद्यात सोडण्यात आले. ते सुमारे ५५० मीटर गेले आणि वरून पडणाऱ्या पाण्याने त्याची वीज तुटून थांबले.  लोकांचा संताप अनावर झाला, आणि तो समजण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरच्या दुपारी, खाणीत दुसरा मोठा स्फोट झाला. त्या वेळी पथके आत असती तर बळींची संख्या एकोणतीसवर थांबली नसती. ज्यांनी पथकांना थोपविले त्यांच्यावर आदल्या दिवसापर्यंत कोणती दूषणे आली असतील, याची कल्पना करता येते. आत जाऊ नका, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काहीतरी माप असावे, केवळ भीती नसावी, हे यंत्रमानवाचे खरे प्रयोजन होय.

आपल्याकडील अनुभव थोडा आहे, पण बोलका आहे. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने ‘दक्ष’ नावाचे यंत्र बॉम्ब निकामी करण्यासाठी बनविले आणि ते भारतीय सेनेत दाखल झाले. २२ जुलै २०१९ रोजी मुंबईत वांद्र्याच्या महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशामक दलाने आपला यंत्रमानव प्रथमच प्रत्यक्ष आगीवर पाठविला. इमारतीतील चौऱ्याऐंशी माणसे मात्र सुखरूप खाली आली ती बंबावरील उंच शिड्यांनी आणि जवानांच्या हातांनी. कोझिकोडेच्या दुर्घटनेनंतर केरळातील तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ हे गटार उपसणारे यंत्र तयार केले. २०१८ साली ते तिरुवनंतपुरम येथे वापरात आले. गाजावाजा त्याचा फारसा होत नाही, पण सुटकेची वेळच येऊ न देणारे यंत्र म्हणून त्याची योग्यता मोठी आहे.

छत्तीसगडातच जून २०२२ मध्ये जे घडले ते तर अनेकांच्या स्मरणात असेल. जांजगीर-चांपा जिल्ह्यातील पिहरीद गावी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा घरामागच्या उघड्या कूपनलिकेत पडला आणि साठ फुटांच्या आसपास खोल जाऊन अडकला. त्याला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. एरवी अशा मुलाला वरून हाका मारून दोर धरावयास सांगतात. येथे हाक निरुपयोगी होती. आत सोडलेला कॅमेरा हाच त्याच्याशी असलेला एकमेव दुवा. त्याच्या पडद्यावर मुलगा हालचाल करतो आहे, खाली सोडलेले केळे खातो आहे, हे दिसत होते, आणि एवढ्यावरच शेकडो माणसे दिवसरात्र राबत होती. गुजरातेतून एक यंत्रमानव आणविण्यात आला. त्याला मुलाची पकड घेऊन वर आणणे साधले नाही. अखेर शेजारी खोल खड्डा खणून, तेथून आडवा बोगदा कठीण खडकातून काढून, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व सेनेच्या जवानांनी १०४ तासांनंतर त्याला हातांनी उचलून बाहेर आणले.

पुढच्या वर्षी उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात असेच झाले. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बोगद्याचा भाग ढासळून एक्केचाळीस कामगार पलीकडे अडकले. तेथे ‘दक्ष’ जातीची यंत्रे नेली होती, पण सुटकेचा मार्ग त्यांनी उघडला नाही. सहा इंची नळातून आत सरकविलेल्या कॅमेऱ्याने मात्र २१ नोव्हेंबर रोजी त्या माणसांचे चेहरे देशाला दाखविले आणि सगळी जिवंत आहेत याविषयी शंका उरली नाही. अमेरिकन बनावटीचे छिद्रकयंत्र ढिगाऱ्यातील लोखंडाला आपटून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर नळात शिरून हातांनी उकरले ते अरुंद खाणींत उंदरासारखे बीळ पाडून कोळसा काढण्याची सवय असलेल्या मजुरांनी. २८ नोव्हेंबर रोजी एक्केचाळीसही जण बाहेर आले. ज्या खाणकामावर धोक्याचे म्हणून बंदी आहे, त्यातील कसब तेथे कामास आले.

या दोन्ही प्रसंगांवरून यंत्र हरले आणि हात जिंकला, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि वर्तमानपत्रांतून तसे म्हटलेही गेले. परंतु पिहरीदमध्ये आणि सिल्क्यारात डोळा यंत्राचाच होता. तो नसता तर हातांनी कोठे, किती आणि कोणाच्या आशेवर खणावयाचे? बारकाईने पाहता कामाची वाटणी अगदी स्पष्ट दिसते. पाहणे, मोजणे, निरोप पोचविणे, पाणी व औषध पोचविणे ही कामे यंत्र आज करते. दगडाखालून जखमी देह न दुखविता सोडविणे, त्याला पाठीशी घेणे, हे त्याला अजून साधत नाही आणि नजीकच्या काळात साधेल अशी लक्षणेही नाहीत. म्हणून यंत्रमानव आला की सुटकेचे पथक कमी करता येईल, हा हिशेब जर कोणी कारखानदार मांडीत असेल तर तो चुकीचा आहे. उलट यंत्र चालविण्यासाठी त्या पथकाला आणखी शिकविलेली माणसे लागतील. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरास आहे आणि भिलाईहून नागपूर रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. तेव्हा शिक्षणाची सोय फार दूर शोधावयास नको.

आता पुन्हा भिलाईच्या पंपघराकडे वळून एक कठोर गोष्ट बोलली पाहिजे. २०१४ सालच्या त्या संध्याकाळी कारखान्याच्या आवारात उत्तमातला उत्तम यंत्रमानव उभा असता, तरी जो माणूस प्रथम कोसळला त्याला तो वाचवू शकला असता असे वाटत नाही. यंत्र गाडीतून उतरवावयाचे, तार जोडावयाची, ते जिन्यावरून न्यावयाचे, यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. आणि दाट कार्बन मोनॉक्साइडमध्ये माणसाला तेवढा अवकाश मिळत नाही. त्या पहिल्या माणसाला वाचविणारी वस्तू निराळी आहे. ती तळहातावर मावते, छातीवर अडकविता येते, वायूचे प्रमाण वाढताच कर्कश ओरडते आणि तिची किंमत यंत्रमानवाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. असे मापक केवळ भट्टीवरच्या कामगाराजवळच नव्हे, तर जेथे वायू येण्याची कोणाला शंकाही नाही अशा पाण्याच्या आणि विजेच्या खात्यांतील माणसांजवळही पाहिजे. त्याच्या जोडीला पाठीवर हवेचे नळकांडे असलेली श्वसनयंत्रे हाताशी पाहिजेत, आणि ती चढविल्यावाचून कोणी, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, उंबरा ओलांडावयाचा नाही, असा सराव अंगवळणी पडलेला पाहिजे. यंत्रमानवाची पाळी त्यानंतर येते. ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या माणसासाठी आहे: आत किती वायू आहे, कोण कोठे पडले आहे, छप्पर टिकेल की नाही, हे सांगून पथकाला डोळसपणे आत नेण्यासाठी किंवा वेळीच थांबविण्यासाठी.

भिलाईला हे सारे पुन्हा एकदा अधिक महाग पडले. ९ ऑक्टोबर २०१८ च्या सकाळी कोक भट्ट्यांच्या अकराव्या संचाजवळच्या वायुनळावर नियोजित दुरुस्ती चालू असता भडका उडाला. त्याच दिवशी नऊ जण मरण पावले, भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत गेले. मृतांत अग्निशामक दलाचे लोकही होते. अशा कामाच्या वेळी अग्निशामक दलाची माणसे बोलावून जवळ उभी केलेली असतात, ती काही झालेच तर धावता यावे म्हणून. येथे धावण्याला अवसरच मिळाला नाही. अपघात होण्यापूर्वीच ती अपघाताच्या जागी होती.

या घटनेपुढे शोध आणि सुटका हे शब्द अपुरे पडतात, आणि यंत्रमानवाचा विचार निराळ्या टोकाने करावा लागतो. वायूच्या नळाची दुरुस्ती करावयाची तर नळाच्या सांध्यात पोलादाची आंधळी चकती सरकवून वायू अडवितात, आणि काम झाले की ती काढून घेतात. त्यासाठी सांध्याचे बोल्ट सैल करावे लागतात, आणि त्या थोड्या वेळात वायू उघड्या हवेत येऊ शकतो. हे काम पोलादाच्या कारखान्यांतून माणसे तोंडावर श्वसनयंत्रे लावून, ठिणगी न उडविणारी पितळी हत्यारे घेऊन, उंच परातींवर उभी राहून करीत आली आहेत. सांधा सैल होण्याच्या वेळी तेथे दहा माणसांऐवजी दोन असावीत, आणि जमल्यास एकही नसावे, अशी झडप व असे यंत्र घडविणे आजच्या यंत्रविद्येच्या आवाक्याबाहेरचे नाही. दुरून फिरविता येणाऱ्या आणि चकती आपोआप सरकविणाऱ्या झडपा जगातील पुष्कळ कारखान्यांत आहेत. नळावर चढून त्याची जाडी व गळती तपासणारी यंत्रे आहेत. ढिगाऱ्यात शिरणाऱ्या यंत्राचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, झडपेचे येत नाही. पण पुढच्या वेळी दुरुस्तीचा दिवस ठरेल, तेव्हा नळाखाली कोण उभे राहील, हे त्या झडपेवर अवलंबून असेल.